समोर उभे राहून बोलावे

"सांगू नका मॅडम, करून दाखवा."

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा डिलाईल रोडच्या फुटपाथवर, इस्त्रीच्या सुती साडीत, गाडीच्या कागदांची फाइल छातीशी धरून उभी होते. गाडी चढावर धक्के खाते, ॲक्सिलरेटर दाबला तरी वेग घेत नाही, थंड असताना जास्त, असं मुद्देसूद सांगायला मी सुरुवात केली होती. समोरच्या माणसाने तेलकट हात वर करून मला पहिल्याच मुद्द्यावर थांबवलं.

"आवाज करा. गाडी करते तसा."

"इथे?"

"मग कुठे? गाडी इथेच हाय ना."

तुमची आजी चारचौघांत मोठ्याने हसतसुद्धा नाही, हे तुम्हा दोघांना माहीत आहे. पण त्या सकाळी मी "भर्रर्र... फट्... भर्रर्र... फट् फट्" असा आवाज काढला. शेजारच्या चहाच्या टपरीवरचे दोघं वळून बघायला लागले. तो माणूस मात्र हसला नाही. माझ्या तोंडाकडे एकटक बघत म्हणाला, "खांदा पण हलवा. धक्का कसा बसतो?"

मी खांदाही हलवला.

"एक सिलिंडर झोपलाय," ते म्हणाले आणि बॉनेट उघडलं.

त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. मीही तेच म्हणते. भायखळ्यापासून दादरपर्यंतच्या जुन्या गाडीवाल्यांमध्ये त्यांची ओळख 'कानाचा मिस्त्री' अशी होती. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये चारदा जाऊन आलेली गाडी त्यांच्याकडे यायची. गाडी मिस मारते, म्हणजे चालता चालता ठोका चुकवते, उचलत नाही, सिग्नलला थरथरते, पुलावर दम तोडते, असल्या तक्रारी घेऊन माणसं यायची आणि सांगायची, हा माणूस नुसतं ऐकून सांगतो.

आणि त्यांचे कान जात होते. गल्लीत हे कुणालाच माहीत नव्हतं. बाहेरची एकटी मीच, जिला ते पुढे कळलं. ते झाकून राहावं, म्हणजे त्यांचं काम राहील, एवढंच त्यांना हवं होतं. तुम्ही परवा विचारलंत, ज्या निळ्या गाडीतून राणीच्या बागेत गेलो होतो ती कुठे आहे, आणि ते आवाज करायला लावणारे काका कुठे आहेत. म्हणून लिहायला बसले आहे.

आधी थोडी गंमत सांगते, कारण गंमत खरोखरच होती.

परळच्या एका मोठ्या इस्पितळातले सर्जन यायचे. त्यांच्यासमोर भल्याभल्यांची वाचा बसत असेल. तेच डॉक्टर फुटपाथवर वाकून, गाल फुगवून "घुर्र... खक्... घुर्र" करताना मी पाहिले आहेत. गिरगावातले एक शेठ स्वतः करायचे नाहीत, बायकोला पुढे करायचे. "हिला चांगला जमतो." बायको डोक्यावरचा पदर सावरून इतका हुबेहूब आवाज काढायची की मिस्त्री म्हणायचे, "शेठ, गाडी राहू द्या, यांनाच टेस्टला घेऊन जातो." एक टॅक्सीवाले चाचा तर आधी गार इंजिनाचा आवाज काढायचे, मग गरम इंजिनाचा, मग आत बसलेल्या पॅसेंजरचा.

तुमच्या आजोबांनी मात्र साफ नकार दिला. "मी सांगतो आहे ना तुम्हाला, मिसिंग आहे. मी काय नकलाकार आहे?" एवढं बोलून त्यांना ठसका लागला.

"हां! हाच आवाज!" मिस्त्री म्हणाले.

"अहो, मी खोकलो!"

"गाडी पण खोकतेच हाय ना साहेब. इंजिन खोटं बोलत नाय. मालक बोलतो."

घरी येईपर्यंत आजोबा फुरंगटलेले होते. पण पुढच्या वेळी गाडी बिघडली तेव्हा तेच म्हणाले, "त्या खोकल्याच्या डॉक्टरकडेच नेऊ."

त्यांची काम करायची पद्धत मी नीट पाहिली आहे, कारण गाडी टाकून निघून जाणं मला कधी जमलं नाही. मी समोर प्लास्टिकच्या स्टुलावर बसायची. मिस्त्री मला शिकवायचे. इंजिनात चार सिलिंडर म्हणजे चाळीच्या जिन्यावरून कपाट उतरवणारी चार माणसं. एकाने हात सोडला की बाकीचे तिघं झटके देत, अडखळत उतरतात. तोच तो धक्का. आता चौघांतला कामचुकार कोण, ते कसं ओळखायचं? इंजिन चालू ठेवून ते एकेका सिलिंडरला ठिणगी पुरवणाऱ्या कॉइलचा कनेक्टर काढायचे. एक काढला की इंजिन आणखी लटपटायचं, म्हणजे तो सिलिंडर काम करत होता. लावून टाकायचा. दुसरा काढला, पुन्हा लटपटलं. तिसरा काढला, काहीच फरक नाही.

"ज्याला काढलं तरी घराला फरक पडत नाय, तोच आजारी."

"माझ्या ऑफिसात असे पुष्कळ होते," मी म्हटलं. मी परीक्षा विभागात उभी हयात काढलेली.

"पण त्यांना प्रमोशन भेटलं असेल," मिस्त्री म्हणाले. "इथे प्लग बदलावा लागतो."

मग काढलेला प्लग ते माझ्यासमोर धरायचे. टोक चहासारखं तपकिरी असेल तर तब्येत बरी. काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त जातंय. पांढरं पडलं असेल तर कमी. नवीन गाड्यांना संगणक लावला की तो सिलिंडरचा नंबर सांगतो, हे त्यांना माहीत होतं. "नंबर सांगतो," ते म्हणायचे. "कारण नाय सांगत. प्लग गेला, कॉइल गेली, का कुठून फुकटची हवा शिरतेय, ते आपणच शोधायचं."

मला घाई असली की त्यांचं ठरलेलं उत्तर असायचं, "घाई कोणाला हाय, तुम्हाला का गाडीला?"

दसऱ्याला सगळी गल्ली झेंडूने भरून जायची, प्रत्येक बॉनेटवर हार. मिस्त्रींचं शटर मात्र बंद. त्या दिवशी ते पांढरा शर्ट घालून लेकीबरोबर विहारात जायचे. एकदा मी चुकून त्याच दिवशी गेले आणि त्यांना त्या शर्टात पाहून क्षणभर ओळखलंच नाही. स्वच्छ हातांनी नमस्कार करून ते म्हणाले, "आज गाडीला पण सुट्टी मॅडम. आज धक्का बसला तर सोसून घ्या."

आता ज्या दिवशी मला कळलं त्या दिवसाकडे येते.

टाळेबंदी उठली होती. आजोबा त्याआधीच गेले होते. गाडी खाली कित्येक महिने उभी राहिली होती आणि आता मिस मारत होती. मी दोन मास्क लावून, हातमोजे घालून गेले. मिस्त्री म्हणाले, "मास्क जरा खाली घ्या."

"अजिबात नाही. आणि तुम्हीही नाक झाका."

"बरं, करून दाखवा."

मी मास्कच्या आतून केला आवाज. एसी लावला की होतं, एरवी नाही, हेही सांगितलं. ते माझ्या झाकलेल्या तोंडाकडे, बंद दुकानाच्या पाटीकडे बघावं तसे बघत राहिले. मग मान डोलावली आणि चारही प्लग बदलून दिले.

दुसऱ्या दिवशी गाडी जशीच्या तशी. मी रागातच गेले. ते एका टॅक्सीच्या बॉनेटमध्ये वाकले होते. "मिस्त्री, मी तुम्हाला एसीचं सांगितलं होतं," मी त्यांच्या पाठीला म्हटलं. उत्तर नाही. पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणणार तेवढ्यात मागून टेम्पोवाल्याने असा कर्कश हॉर्न मारला की माझ्या हातातली पिशवी पडली. मिस्त्रींचा खांदाही हलला नाही. ते शांतपणे पाना फिरवत होते.

मग वळसा घालून गाडीच्या दुसऱ्या बाजूला, त्यांच्या समोर, लांब जाऊन उभी राहिले आणि दोन्ही मास्क काढले.

"एसी लावल्यावर," मी म्हटलं.

"असं कालच बोलायचं ना," ते म्हणाले. मग पाना फडक्याने पुसत राहिले. "कधी कळलं?"

"आत्ता."

चहा आला. मी लांबच्या स्टुलावर, ते बॉनेटला टेकून. डावा कान जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरुणपणी रे रोडला ट्रकच्या इंजिनांवर काम केल्याचा प्रसाद. आता उजवा जात होता. "वडील माझे मिलमध्ये साचेखात्यात, मागावर," ते म्हणाले. "त्या खडखडाटात बहिरे झाले. सगळेच व्हायचे. खात्यात कामगार नुसते ओठ हलवून बोलायचे एकमेकांशी. घरी पण आई त्यांच्याशी तसंच बोलायची, बिनआवाजी. आम्ही भावंडं तेच बघत वाढलो. मला ओठ वाचता येतात हे मला माहीतच नव्हतं. वाटायचं, सगळ्यांनाच येतात."

"म्हणून आवाज करायला लावता?"

"लोकांना वाटतं मी ऐकतो. मी बघतो मॅडम. माणूस सांगायला लागला की वकिली करतो. आवाज काढायला लागला की खोटं नाय बोलू शकत. गाडी जशी हलते तशी त्याची मान हलते, गाल हलतो, खांदा हलतो. तेवढं पुरतं मला."

मग त्यांनी कप खाली ठेवला. "कोणाला बोलू नका. हात मोडला तर गिऱ्हाईक थांबतं. कान गेले कळलं, तर कानाच्या मिस्त्रीकडे कोण येणार?"

"नाही बोलणार," मी म्हटलं.

कानाला यंत्र लावायचं मी सुचवलं नसतं तरच नवल. त्यांच्या लेकीला फोन केला. ती बँकेत नोकरीला होती आणि बदलापूरला राहत होती. आम्ही दोघींनी मिळून त्यांना दादरला कान तपासायला नेलं. काचेच्या खोलीत हेडफोन लावून ते परीक्षेला बसल्यासारखे बसले होते, आवाज आला की बटण दाबायचं. बटण फारसं दाबलं गेलं नाही. यंत्र लावून बाहेर रस्त्यावर आले आणि दहा पावलांवर थांबले. "सगळं एकदम येतं. बस, कावळा, तुमची बांगडी. ह्याच्यात चार नंबरचा सिलिंडर कुठाय?" शिवाय, ते म्हणाले, गिऱ्हाईक आधी यंत्र बघणार आणि मग मला. यंत्र डबीत गेलं आणि डबीतच राहिलं.

यंत्राविनाही ते काम करत होते, आणि चोख करत होते. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढे गल्लीत लोक भलतंसलतं बोलले. इंजिनावर पाण्याने भरलेला स्टीलचा पेला ठेवायचे आणि पाण्यावरचे तरंग बघायचे. सारखे आले तर ठीक, मध्येच पाणी उसळलं तर सिलिंडर चुकला. धुराच्या नळीमागे कागदाची पट्टी धरायचे. ती एका लयीत फडफडली पाहिजे. आणि शेवटी मला गाडी चालवायला लावून करी रोडच्या पुलावर न्यायचे. स्वतः शेजारी, तळहात डॅशबोर्डवर सपाट, डोळे मिटलेले. चढावर मी तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबायची. "आत्ता," ते म्हणायचे. आणि त्यानंतर मला धक्का जाणवायचा.

मग ती मुलगी आली. मिलच्या जागेवर झालेल्या टॉवरमध्ये राहणारी, ऑफिसला निघालेली, कानात बटणं, डोळे मोबाइलवर. आवाज करून दाखवा म्हटल्यावर म्हणाली, "सॉरी, मला असलं काही नाही जमणार." खाली बघत, भराभरा तक्रार सांगून गेली. मिस्त्रींनी कॉइल बदलली. आठवड्याने ती परत आली. त्यांनी इंजिनात हवा सोडणारा थ्रॉटल साफ केला. पुन्हा परत आली. तिसऱ्या वेळी मी तिथेच होते. ती फुटपाथवर उभी राहून ओरडत होती. "मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं! टाकी फुल केल्यावरच होतं, पंपावरून निघाले की! तुम्ही ऐकतच नाही!"

सगळी गल्ली ऐकत होती. मिस्त्री फक्त बघत होते.

टाकी भरल्यावरच होतं म्हटल्यावर बिघाड कुठे आहे ते त्यांना लगेच कळलं. पेट्रोलची वाफ इंजिनाकडे सोडणारा एक लहानसा व्हॉल्व्ह असतो, तो उघडाच राहत होता. अर्ध्या तासाचं काम. गाडी ठीक झाली. ती आभार मानून गेलीसुद्धा. पण मिस्त्री त्या दिवशी स्टुलावर बसून राहिले. म्हणाले, "एवढीशी गोष्ट. समोर बघून बोलली असती तर..."

आणि इथे मी माझी चूक केली.

मला वाटलं, हा काय मोठा प्रश्न आहे? माणसं नीट सांगत नाहीत, तर त्यांना नीट विचारावं. मी आयुष्यभर तेच केलं होतं. हजारो मुलांचे अर्ज माझ्या हाताखालून गेले आणि अर्ज चांगला असेल तर मुलाला खिडकीवर चकरा माराव्या लागत नाहीत, हा माझा अनुभव. घरी जाऊन मी टेबलाशी बसले. बारा प्रश्न काढले. धक्का इंजिन थंड असताना बसतो की गरम झाल्यावर? चढावर की सपाट रस्त्यावर? एसी लावल्यावर? टाकी भरल्यावर? पाऊस पडल्यावर किंवा गाडी धुतल्यावर? कोणत्या गिअरमध्ये? हो आणि नाही असे चौकोन केले. दादरला छापून घेतलं, पन्नास प्रती, एक पॅड, दोरीला बांधलेलं पेन. दुकानात लावायला एक मोठी प्रत प्लास्टिकच्या आवरणात. आणि त्या प्रतीच्या माथ्यावर, ठळक अक्षरांत, एक सूचना:

'मिस्त्रींशी कृपया समोर उभे राहून, सावकाश बोलावे.'

ती लिहिताना मला अभिमानच वाटत होता. मी कुणाला बोलले नव्हते. बहिरेपण हा शब्द कुठेही नव्हता. ही साधी शिस्तीची सूचना आहे, असं मी स्वतःला सांगितलं.

सोमवारी सकाळी घेऊन गेले. मिस्त्रींनी हात धुतले, पुसले, मग कागद हातात घेतला. पेपर रोज पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणारा माणूस. सावकाश वाचला. "परीक्षा घेताय काय माझ्या गिऱ्हाइकांची?" म्हणाले आणि हसले. मग मोठी प्रत घेतली. बोट वरच्या ओळीवर गेलं आणि तिथेच राहिलं.

मी वाट बघत होते, छान झालंय म्हणतील म्हणून.

"मेहनत केलीत मॅडम," ते म्हणाले.

त्यांनी स्वतः खिळा शोधला, शटरच्या बाजूच्या भिंतीवर ठोकला आणि ती पाटी लावली. मी दोन पावलं मागे जाऊन पाहिलं. "किंचित तिरकी आहे," मी म्हटलं. त्यांनी ती सरळ केली.

आता मला वाटतं, ते नको म्हणाले असते तर मी ऐकलं असतं. पण त्यांना माझं मन मोडवलं नाही. आणि मला त्या बोटाचा अर्थ कळला नाही. ओठ बघून माणूस ओळखणाऱ्याच्या समोर बसून मी इतकी वर्षं काहीच शिकले नव्हते.

पंधरा दिवसही लागले नाहीत. टपरीवाल्याने मला चहा देता देता विचारलं, "मॅडम, मिस्त्री बहिरे झाले काय?"

"कोण म्हणतं?"

"बोर्डावरच लिहिलंय की. समोरून बोला, हळू बोला. असं कोणाला लिहितात?"

मी सरळ पाटी काढायला गेले. मिस्त्रींनी मनगट धरलं नाही, ते फक्त मध्ये उभे राहिले. "राहू द्या. आता काढली तर अजून बोलतील."

मग माणसं त्यांची परीक्षा घेऊ लागली. एखादा ड्रायव्हर पाठीमागे जाऊन टाळी वाजवायचा आणि बाकीचे मान वळते का बघायचे. एकजण पाठीमागून "ए बहिरोबा!" म्हणायचा, ते वळले की साळसूदपणे "जय भीम मिस्त्री" म्हणायचा. मिस्त्री "जय भीम" म्हणायचे. त्यांच्या चेहऱ्यावरून त्यांना काय कळलं आणि काय नाही, ते समजायचं नाही. मला वाटतं सगळंच कळत होतं. हसू दाबलेले ओठ वाचायला काय लागतं?

फुटपाथवरचा तो तमाशाही संपला. आवाज करून दाखवणारी माणसं आता पॅड घेऊन कोपऱ्यात उभी राहायची. टॅक्सीवाल्या चाचांना लिहिता येत नव्हतं, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. त्यांनी पॅड दोन्ही हातांत धरलं, उलटसुलट केलं, परत ठेवलं आणि "कल आता हूं" म्हणून निघून गेले. डॉक्टरांनी आधी ड्रायव्हरला पाठवलं, नंतर त्यालाही नाही. शेठ म्हणे टॉवरच्या तळघरातल्या नव्या वर्कशॉपमध्ये जाऊ लागले. तिथे संगणक लावतात.

"संगणकाला पण कान नसतात शेठ," मिस्त्री त्यांना एकदा रस्त्यात म्हणाले. शेठ हसले आणि मोठ्या आवाजात, एकेक शब्द तोडून म्हणाले, "तब्येत - सांभाळा - मिस्त्री." लहान मुलाशी बोलावं तसं.

मी जात राहिले. गाडीला काही झालं नसेल तरी जायची. तेल बघा, पट्टा बघा. ते बघायचे. मला रोज म्हणायचं असायचं की ही पाटी माझी, हे माझ्यामुळे झालं, मला माफ करा. ते हात पुसत माझ्या समोर उभे असायचे, नजर माझ्या ओठांवर, मी काय बोलते याची वाट बघत. आणि मी म्हणायची, "उद्या पाऊस येईलसं वाटतं."

एका मंगळवारी गेले तर शटर बंद. गुरुवारी पण बंद. टपरीवाला म्हणाला, "गेले लेकीकडे, बदलापूरला. सामान विकून टाकलं. एकच पाना-पेटी घेऊन गेले." मग म्हणाला, "लोक वाईट असतात मॅडम." मी चहाचा ग्लास तसाच ठेवला.

तिथे आता मोबाइलची कव्हरं विकतात.

मी पत्र लिहायला घेतलं आणि फाडलं. कागदाने एकदा जे केलं ते पुरे झालं, असं वाटलं. बदलापूरला जायचंही ठरवलं, दोनदा. एकदा गुडघा, एकदा निमित्त. असं करत वर्ष गेलं. गाडीने पुन्हा मिस मारायला सुरुवात केली, आणि मी ती दुसऱ्या कुणाकडे नेली नाही. खाली उभी राहून धूळ खात होती. गेल्या महिन्यात भंगारवाल्याला दिली.

तिला दोर बांधून ओढत नेल्यावर मी वर आले आणि मिस्त्रींच्या लेकीला फोन लावला.

"बाबा इथेच आहेत," ती म्हणाली. "पण आता फोनवर काहीच येत नाही हो त्यांना ऐकू. उजवा पण गेला. दिवसभर गॅलरीत बसतात. समोर रस्ता आहे, गाड्या बघतात. थांबा, सांगते त्यांना तुमचं नाव."

फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. पावलं. मग शांतता, आणि मला कळलं की आत ती त्यांच्यासमोर उभी राहून नुसते ओठ हलवत असणार. मग मिस्त्रींचा आवाज जवळ आला. पूर्वीपेक्षा खूप मोठा, स्वतःला ऐकू न येणाऱ्या माणसाचा.

"मॅडम! मी बोलतो, तुम्ही फक्त ऐका. मला इकडून काय ऐकायला येणार नाय. गाडी बरी हाय ना? थंडी पडायला लागली. सकाळी चालू केली की लगेच पळवू नका, एक मिनिट उभी राहू द्या."

"मिस्त्री," मी म्हटलं, "ती पाटी मी लावायला नको होती."

"एअर फिल्टर बदलून घ्या. कोणाकडून पण घ्या, सोपं काम हाय. लोक तेच विसरतात आणि म्हणतात पिकअप नाय."

"माझं चुकलं, मिस्त्री. तुम्ही कुणाला सांगू नका म्हणाला होतात."

"आणि प्लग काढायला कोणी घेतले तर सांगा, इंजिन पूर्ण गार होऊ द्या आधी. गरमात काढले तर आटे जातात. मग त्याला इलाज नाय."

"हो," मी म्हटलं.

ते थोडे थांबले. माझं बोलून व्हायला जागा ठेवावी तसे. मी फोन कानाला घट्ट धरून उभी होते. मग ते म्हणाले, "बरं मॅडम, ठेवतो," आणि त्यांनी फोन ठेवला.